सम सोडून बाकी सगळं

११ फेब्रुवारी

खर्जवाल्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. माझी बेस गिटार घेऊन पसार झालेल्या माणसाला प्रिय म्हणण्याइतकी मऊ मी अजून झालेली नाही.

बोटीवरच्या बँडात वाजवायला गेलास, तिथे तू पेटी उघडली असशील आणि आत तुझ्या बेसऐवजी माझी निघाली असेल. दोन्ही पेट्या काळ्या, एकाच मापाच्या, एकाच दुकानातल्या, आणि खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवून बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. घाईत होतं असं कधीकधी, मान्य. पण पेटी उघडल्यावर तरी एक फोन करायचास! "अगं, घोटाळा झाला" एवढं म्हणायला काय तुझ्या जिभेला भाडं पडणार होतं?

आता तू म्हणशील, मग तूच का नाही केलास? केला असता. पण फोनवर तू 'हं' म्हणतोस. मी विचारते, जेवलास का, तर 'हं'. झोप लागते का, 'हं'. बोट बुडाली का असं विचारलं तरी 'हं'च म्हणशील. मग माझं डोकं फिरतं आणि मी फोन आपटते. पत्राचं बरं आहे. तू कितीही 'हं' केलंस तरी मला ऐकू येत नाही. तुझ्या बोटकंपनीच्या ऑफिसातली बाई म्हणाली, पत्र इथे आणून द्या, पुढच्या बंदरात मिळेल. म्हणून हा उद्योग.

तर काम असं आहे. दर शनिवारी हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडचे ड्रमरकाका आले होते. त्यांचा बेसवाला गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलाय. दारातच मला म्हणाले, "मला खरं तर तुझा नवरा हवा होता." मी म्हटलं, मलाही. तर हसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "बरं, मग तू ये."

आणि माझ्याजवळ आहे काय, तर तुझं ते कपाट. त्याला बेस म्हणतात हे मला माहीत आहे, पण खांद्यावर घेतलं की कपाटच वाटतं. मान इतकी लांब की टोकाच्या पहिल्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत हात नेताना मी बसथांब्यावर बस अडवतेय असं दिसतं. माझी कशी सुटसुटीत! पातळ मान, छोटं अंग, कोऱ्या तारा. अंगठ्यानं ठोकली की खणकन बोलते. तुझ्या तारा लग्नाआधीच्या, सपाट, गुळगुळीत आणि मेलेल्या. काल ठोकून पाहिल्या. उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज आला.

तेव्हा माझी पाठव. आणि तुझी कुठे पाठवायची तेही कळव.

आईंचा फोन आला होता. त्यांना मी सांगितलं की तू मजेत आहेस, पोटभर जेवतोस आणि मला सारखे फोन करतोस. त्यांना बरं वाटलं.

तुझी
(आधी माझी बेस, मग बाकीचं)


२ मार्च

मुक्या माणसा,

उत्तर नाही, बेस नाही. ठीक आहे.

पहिली तालीम झाली. लाज गेली, दुसरं काय! मी सवयीनं अंगठा मारत सुटले, आणि त्या मेल्या तारा ढिम्म. मग आणखी जोरात, आणखी जास्त सूर. गाणारा मुलगा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू मी त्याच्या पायावर उभी आहे. ड्रमरकाकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, तू चांगली वाजवतेस. आता जरा थांबायलाही शीक." मला इतका राग आला! कारण हे वाक्य तुझं आहे. तू हे मला लग्नाच्या आधीपासून ऐकवत आलायस.

आठवतं ना, आपण भेटलो ते दुकान? मी भिंतीवरची ती लाल बेस काढायला सांगितली होती आणि तूही नेमकं तिच्याकडेच बोट दाखवत होतास. दुकानदार बिचारा मधल्या मधे. तू म्हणालास, "हिची मान हलकी आहे, पण खालचा सूर पोकळ आहे." मी म्हटलं, "पोकळ नाही, मोकळा आहे." मग तू भिंतीवरची एकेक बेस काढून मला वाजवून दाखवलीस. हिचे पिकअप गरम, हिचं लाकूड ओलं, ही मांडीवर ठेवली की डोकं खाली टाकते. दुकानदारानं आपल्या दोघांना दार बंद करायची वेळ झाली म्हणून बाहेर काढलं. इतकं बोलणारा माणूस मिळाला म्हणून मी खूश होते. मला काय माहीत की तो तुझा आयुष्यभराचा कोटा होता!

आणि मग ते आपलं कधीच न संपणारं भांडण. तुझा देव तो खुर्चीवाला. स्टुडिओत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एका बोटानं सगळ्या जगाला नाचवणारा आणि रेकॉर्डवर नावसुद्धा न छापलेला. माझा देव तो अंगठेबहाद्दर. चमचमते बूट, कपाळाला पट्टी, आणि अंगठा असा पडतो की बसलेला माणूस उठतोच. तू म्हणायचास, "तुझा देव बडबड्या आहे." मी म्हणायचे, "तुझा झोपलाय." पण एका गोष्टीवर आपलं एकमत होतं. फंकच्या ठेक्यात सम चुकली की सगळं गेलं. मधे काय वाट्टेल ते करा, वाकडं चाला, उड्या मारा, पण पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकत्र पाय ठेवायचा. ते ज्याला जमलं तो बेसवाला, बाकीचे नुसते हौशी.

म्हणून तर आपला तो सकाळचा खेळ. मी हॉस्पिटलच्या धुलाईघराच्या ड्यूटीला जायच्या आधी, पलंगाच्या कडेला बसून, स्पीकर न लावता. तू सगळी ओळ वाजवायचास आणि सम मोकळी सोडायचास. तिथे मी अंगठा मारायचा. "सम तुझी, बाकी माझं," असं तू म्हणायचास. शेजारच्यांना वाटायचं, हे दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसतात.

मागच्या वर्षभरात एकदाही खेळलो नाही. मी विचारलं की तू म्हणायचास, "बोटं आखडलीत." आखडली नव्हती. तुझा हॉटेलचा बँड बंद पडला आणि मला बोलावणी येत राहिली, कारण लोकांना सध्या अंगठा हवाय. त्यात माझा काय दोष? एका कार्यक्रमात निवेदकानं सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाला, "आणि बाईंचा स्पीकर उचलून आणणारे त्यांचे मिस्टर." सगळे हसले. मीही हसले. तूही हसलास, मी बघितलं. मग घरी येईपर्यंत स्पीकर तूच उचललास आणि तेव्हापासून 'हं' सुरू झालं.

जाऊ दे. बेस पाठव.

ती


२९ मार्च

अरे चोरा!

आज सापडलास. रंगेहाथ.

तुझ्या बेसची खालची तार कुरकुरत होती. म्हणून तारांच्या मुळाशी ते लोखंडी झाकण आहे ना, जे तू मला कधी हात लावू दिलं नाहीस, ते स्क्रू काढून उघडलं. आत तारांखाली दाबून बसवलेला स्पंजचा तुकडा. ते ठीक, तुझा खुर्चीवालाही तसा ठेवायचा म्हणे, आवाज गोल आणि आखूड होतो. पण हा स्पंज एका बाजूनं गोलाई असलेला, आणि त्याच्या कडेला किरमिजी धागा!

माझा तपकिरी कोट, किरमिजी अस्तराचा, खांद्यांत स्पंजच्या गाद्या भरलेला! लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घेतलेला. त्याचा डावा खांदा बसला आणि मी त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याशी इतकी भांडले की आजही रस्त्यात दिसला तर तो पलीकडच्या बाजूला जातो. तू माझ्या शेजारी उभा होतास तेव्हा! मूग गिळून! वर म्हणालास, "जाऊ दे गं, एक खांदा पडला तर काय होतं." कसं म्हणशील दुसरं? तो खांदा तुझ्या बेसमध्ये होता.

मी आधी खूप हसले. एकटीच. घरात एकटीनं मोठ्यानं हसलं की नंतर फार वाईट शांतता होते, हे मला माहीत नव्हतं. रेडिओ लावला, पण त्यानं काही झालं नाही.

मग स्पंज काढून वाजवून पाहिलं. आवाज लांबलचक, पसरट, कुठे थांबायचं ते कळेना. परत बसवला. टुम्. गोल, आखूड आणि उबदार. इतकी वर्षं तुझ्या हातात काय जादू आहे म्हणून मी मनात जळत होते आणि तो माझा खांदा होता. म्हणजे ज्या ज्या रेकॉर्डिंगमध्ये तू आहेस, तिथे मी पण आहे की रे! सांगायचं ना मला. मी रागावले असते, पण मला आवडलं असतं.

धुलाईघरात माझ्या जोडीदारणीनं रजा घेतलीय. हॉस्पिटलच्या मोठ्या चादरींची घडी एकटीनं घालता येत नाही. एक टोक टेबलाच्या कडेला चिमट्यानं लावते, दुसरं हातात धरून मागे सरकते. घडी पडते, पण कधीच सरळ पडत नाही. मुकादमबाई म्हणाल्या, "अगं, कुणाला तरी हाक मार की." मी म्हटलं, चालवून घेते.

चादरी वाळवायचं यंत्र सुरू झालं की त्याचा खालचा सूर निघतो. त्यावर मी मनातल्या मनात तुझ्या ओळी बसवते. तुझ्या म्हणतेय हं, माझ्या नाही. माझ्या त्यावर बसत नाहीत. त्या यंत्राला घाई नाही.

ती चोराची बायको


१४ मे

शनिवारचे कार्यक्रम बरे चाललेत. तुझं कपाट मला आता ओळखतं. पट्टा मी आखूड करून घेतला, तरी खांद्यावर वळ उठतो. अंगठा मी फारसा मारत नाही. पहिलं बोट, तेही तारेवर ठेवायचं, ओढायचं नाही. परवा एका गाण्यात ड्रमरकाका आणि मी एकदम थांबलो, आणि त्या थांबण्यात सगळा हॉल अडकला. मग समेवर पडलो तर समोरच्या म्हाताऱ्या बाई खुर्चीतून उठल्याच! काका घाम पुसत म्हणाले, "आता आला तुझा नवरा." ते सहज म्हणाले. मी मागे जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले आणि रडले.

आज कंपनीच्या ऑफिसात पत्र द्यायला गेले तेव्हा त्या बाईनं सांगितलं की तुझा करार पुढे वाढवलाय. तुझ्या सहीनं. तिला वाटलं, मला माहीत असेल. मी म्हटलं, हो हो, माहीत आहे ना. परक्या बाईसमोर किती वेळा खोटं बोलायला लावणार आहेस?

तर मग मीही आता खरं बोलते, कारण लपवून काही हाती लागलं नाही.

तू चुकीची पेटी उचलली नाहीस. तू तुझीच पेटी उचललीस, तुटक्या खिट्टीची, जिला माझ्या जुन्या ओढणीचा फडका बांधलाय ती. बेस मी बदलल्या होत्या. तू आदल्या दिवशी केस कापायला गेलास तेव्हा माझी तुझ्या पेटीत ठेवली आणि तुझी माझ्या. मला वाटलं, बोटीवर पेटी उघडशील आणि वैतागून फोन करशील. शिव्या देशील. "मूर्ख बाई, काय करून ठेवलंस" म्हणशील, आणि मी म्हणेन, मग ये परत आणि घेऊन जा. इतकाच माझा बेत. हसू नकोस, त्या दिवशी मला तो फार हुशारीचा वाटला होता. "जाऊ नकोस" असं सरळ म्हणणं माझ्या जिवावर आलं. तूही "थांबू का?" असं विचारलं नाहीस.

पण आता तुझं कपाट इतके दिवस खांद्यावर वागवल्यावर मला जे कळलंय, ते मला आधीच कळायला हवं होतं. तुझी बेस इतकी जड आहे की रिकाम्या हाताला दुसऱ्या दिवशीही ती आठवते. वर्षानुवर्षं तिला उचलणाऱ्या माणसानं पेटीची कडी हातात घेतली की त्याला तत्क्षणी कळणार, आत कोण आहे. उघडायची गरजच नाही.

आणि तू दारात थांबला होतास. मी ओट्यापाशी तुझ्याकडे पाठ करून चहा गाळत होते. कडीचा आवाज झाला, तू पेटी उचललीस, आणि मग काहीच नाही. पाऊलही नाही. मी गाळणं हातात धरून उभी. मग तू जिना उतरलास.

तुला कळलं होतं. बोटीवर नाही, आपल्याच दारात. आणि तरी तू आत आला नाहीस. मला रोज वाटतं की तू मनात म्हणालास, बरं झालं, नकोच ती मला. ज्या माणसाला स्वतःची बेस नको झाली, त्याला मी तरी कशाला हवी असेन?

याचं उत्तर दे. 'हं' चालणार नाही.


२० जून

प्रिय,

हो, लिहिलं.

काल हॉलवर एक चष्मेवाला माणूस आला. पहिल्या गाण्यापासून माझ्याकडे नाही, माझ्या पोटावरच्या कपाटाकडे बघत होता. मध्यंतरात पुढे आला. म्हणाला, "ही बेस मी पाहिली नाही, पण मला पाठ आहे. लांब मान, मेलेल्या तारा, झाकणाखाली बायकोच्या कोटाचा खांदा." मी दोन खुर्च्या ओढल्या. तुझ्या बोटीवरचा कीबोर्डवाला. करार संपवून उतरलाय.

मी विचारलं, तो बरा आहे का? जेवतो का? त्यानं सांगितलं, जेवतात, चालतात, बोलत मात्र नाहीत, या बेसचं सोडून. पत्रं मिळतात का? सगळी मिळतात. पेटीच्या कप्प्यात ठेवतात. उत्तर लिहायला कागद घेऊन बसतात, बराच वेळ बसतात, मग 'हं' करून उठतात. मला हसायला आलं आणि त्या भल्या माणसाला वाटलं, मी रडतेय. दोन्ही होतं.

मग तो जरा चाचरत म्हणाला, "बाई, रागावू नका. तुमचे मिस्टर वाजवतात झकास, पण त्यांना एक वाईट खोड लागलीय. सम खातात."

मी म्हटलं, "काय खातात?"

"सम. पहिला ठोका. तिथे हात वर. नेमका तिथेच! ड्रमर बोंबलतो, गायिका चुकते, बँडमास्तरनं दोनदा समज दिली. विचारलं तर म्हणतात, ती जागा माझी नाही. करार वाढवताना मास्तरनं अट घातली, पुढच्या फेरीपासून सम वाजवायची, नाहीतर उतरायचं. हे नुसते 'हं' म्हणाले."

त्यानं फोनवर ध्वनिमुद्रण ऐकवलं. मी कानाला लावलं. माझी बेस आवाजावरून ओळखली. आणि तिच्यावर कोण अंगठा मारत होता माहीत आहे? तू! खुर्चीवाल्याचा भक्त! इतका वाईट अंगठा मी जन्मात ऐकला नाही. मनगट कडक, तार अर्धी लागतेय, एखादा नवशिक्या दार ठोठावतोय तसा. कधी शिकलास रे? कुणाकडे बघून? मग मला कळलं, कुणाकडे बघून. पलंगाच्या कडेला बसून रोज सकाळी माझ्या हाताकडे बघत होतास ना.

आणि मग सम आली. सगळे पडले, ड्रम, कीबोर्ड, गायिका, आणि खाली काहीच नाही. भोक. पुन्हा ओळ, पुन्हा समेवर भोक. चष्मेवाला म्हणाला, "बघितलंत? असं सबंध रात्रभर."   फोनचा आवाज मोठा करून तो त्यालाच धरायला लावला, तुझं कपाट मांडीवर घेतलं, आणि पुढची सम आली तशी मी त्या भोकात बोट ठेवलं. अगदी हलकं. टुम्. मग पुढची. मग पुढची. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. म्हणाला, "अहो, हे तर बरोबर बसतंय!"

बसणारच.

तेव्हा आता मला उत्तर मिळालं. तू दारात थांबलास तेव्हा काय म्हणालास ते मला कळलं. तू तुझी बेस टाकून गेला नव्हतास. तू माझी घेऊन गेला होतास. मेल्या, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं? आणि करार का वाढवलास मग? भीती वाटली ना, परत आलास तर पुन्हा 'त्यांचे मिस्टर' होशील? ऐक. हॉलमध्ये मला आजही सगळे तुझी बायको म्हणतात. ड्रमरकाकांना अजूनही तूच हवा आहेस. मी नुसती तुझी जागा धरून बसलेय, आणि खांदा दुखून राहिलाय.

चष्मेवाल्यानं सांगितलं, या महिन्याच्या शेवटी तुझी बोट इथल्या धक्क्याला दिवसभर लागते. मुकादमबाईंकडे रजा मागितली, त्यांनी दिली. मी येतेय. तुझं कपाट घेऊन जिना उतरणार आहे, त्यामुळे आल्या आल्या माझ्याशी गोड बोलायची अपेक्षा ठेवू नकोस. तू उतरणार की पुढे जाणार, ते तुझं तू ठरव. पुढे गेलास तर तुझी तुला देईन, माझी मी परत घेईन, आणि मग दोघांनी आपापली सम आपापली वाजवायची. ते मला जमेल. इतके दिवस जमवलंच आहे. नको वाटतं, पण जमेल.

पण अजून थोडे दिवस आहेत. मास्तर ओरडला तर ओरडू दे, ड्रमरला म्हणावं सांभाळून घे. तो पहिला ठोका भरू नकोस.

मी आल्यावर वाजवेन.

तुझी